बॅटरीची वायर काढली की एमिशन टेस्ट पास? खुलासा
जुना फॉरवर्ड आहे: आफ्टरमार्केट (मूळ कंपनीचा नसलेला) एक्झॉस्ट लावल्यावर चेक इंजिन लाइट लागली तर बॅटरीची वायर १० मिनिटं काढा, टेस्ट पास होते. बऱ्याच गाड्यांत लाइट खरंच जाते, म्हणून पटतंही. पण त्यासोबत कॅटलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सर यांच्या गाडीने स्वतः केलेल्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात, आणि ओबीडी तपासणीत, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडून होणाऱ्या तपासणीत, नेमकं तेच बघतात, 'नॉट रेडी' (चाचणी अजून पूर्ण नाही) जास्त दिसले की गाडी परत. बरं, थोडे दिवस चालवली आणि कन्व्हर्टरच काढलेला असेल तर त्याच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर पुढच्यासारखाच वरखाली व्हायला लागतो आणि पी०४२० कोड (कन्व्हर्टर नीट काम करत नाही, असा) पुन्हा हजर. स्वतः बघायचंय? साधा ओबीडी स्कॅनर लावा, वायर काढायच्या आधी आणि नंतर रेडीनेसचं पान (कोणत्या चाचण्या पूर्ण झाल्या ते दाखवणारं) उघडून बघा.