भयकथामाला चित्रपट

भयकथामाला चित्रपट : दोन किंवा अधिक स्वतंत्र भयकथा एकाच चित्रपटात, बहुधा एखाद्या चौकटकथेत (सर्व कथांना वेढणाऱ्या बाहेरील कथेत) गुंफून सादर करणारा चित्रपटप्रकार. अमेरिकेत त्याला ‘अँथॉलॉजी’, तर ब्रिटनमध्ये ‘पोर्टमँटो’ चित्रपट म्हणतात. ‘ऑम्निबस’ ही संज्ञाही आढळते. दूरचित्रवाणीवरील भयकथांच्या मालिकांशी त्याचे जवळचे नाते असले, तरी मालिकेतील प्रत्येक भाग सुटा पाहता येतो. भयकथामाला चित्रपटात मात्र सर्व कथा एका बैठकीत, ठरलेल्या क्रमाने पाहिल्या जातात. या प्रकाराचे आकर्षण समजून घेताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

उगम : या प्रकाराच्या उगमाबद्दल एकमत नाही. एका मतानुसार त्याचे मूळ साहित्यातील चौकटकथेत आहे. कथेत कथा सांगण्याची रीत प्राचीन असून सोमदेवाच्या कथासरित्सागरातील (अकरावे शतक) वेतालकथा हे तिचे ठळक उदाहरण होय. खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा राजा आणि त्या प्रेतात शिरून त्याला कथा सांगणारा वेताळ ही चौकट भयाची आहे. आतील कथा मात्र बहुतांशी न्याय-अन्यायाची कोडी आहेत. शेवटी कळते, की ज्या साधूसाठी राजा हे प्रेत वाहून नेत आहे, तो राजाचाच बळी देणार आहे. ऐकणाराच कथेतील खरा बळी असावा, ही योजना विसाव्या शतकातील भयकथामालांत पुन्हा पुन्हा दिसते. एवढ्यावरून थेट वारसा सिद्ध होत नाही. या चित्रपटांना लगतचा साहित्यिक आधार मिळाला तो जर्मन स्वच्छंदतावादी भयकथांचा. अशा कथांचा ‘फांतास्मागोरियाना’ हा फ्रेंच अनुवादित संग्रह १८१२ मध्ये निघाला. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनीव्हा सरोवराकाठी इंग्रज कवी बायरन व शेली, मेरी गॉडविन (पुढे मेरी शेली) आणि बायरनचा डॉक्टर पोलिडोरी यांच्या मंडळीत तो वाचला गेला व त्यातून प्रत्येकाने एक भयकथा लिहावी अशी पैज लागली. एका खोलीत जमलेली माणसे आणि आळीपाळीने सांगितलेल्या कथा हे चित्र पुढील चित्रपटांत जसेच्या तसे उतरले आहे.

दुसरे मत रंगभूमीकडे बोट दाखवते. पॅरिसमधील ग्रां गिन्योल या नाट्यगृहात (१८९७–१९६२) एका रात्री अनेक छोटी नाटके होत. एक अंगावर काटा आणणारे, लगेच दुसरे हसवणारे, असा त्यांचा क्रम लावलेला असे. प्रेक्षकाला आळीपाळीने ताणायचे व सैल सोडायचे हे तंत्र भयकथामालेने उचलले यात शंका नाही. जवळपास प्रत्येक जुन्या भयकथामालेत आढळणारी एखादी विनोदी कथा हा त्याचाच अवशेष मानता येईल. मात्र ग्रां गिन्योलच्या कार्यक्रमाला चौकट नव्हती. नाटके फक्त एकापाठोपाठ एक होत. त्यामुळे कार्यक्रमाचा क्रम रंगभूमीकडून व बांधणी साहित्याकडून आली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

पहिला भयकथामाला चित्रपट कोणता, हाही वादाचा विषय आहे. सर्वसाधारणपणे हा मान जर्मन दिग्दर्शक रिखार्ड ओस्वाल्ड यांच्या ‘उन्हाइमलिखे गेशिख्टेन’ (१९१९) या मूकपटाला दिला जातो. त्यात रात्री जुन्या पुस्तकांच्या दुकानातील सैतान, मृत्यू व वेश्या यांची चित्रे जिवंत होऊन खाली उतरतात आणि पुस्तके चाळत पाच कथा वाचतात. पैकी एक एडगर ॲलन पो यांची व एक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची आहे. कोनराट फाइट, आनिटा बेर्बर व राइनहोल्ट श्युन्त्सेल हे तिघेच सर्व कथांत वेगवेगळ्या भूमिका करतात. याच दिग्दर्शकाने १९१६ मध्ये जर्मन लेखक हॉफमनच्या कथांवर चित्रपट केला होता आणि त्यातही अनेक कथा एका निवेदकाभोवती गुंफल्या होत्या. तथापि त्यात भयापेक्षा अद्भुतरम्यता अधिक असल्याने १९१९ हे वर्ष धरणेच सोयीचे ठरते.

यानंतरचे दोन जर्मन मूकपट नेहमी सोबत उल्लेखिले जातात. फ्रिट्झ लांग यांच्या ‘डेर म्यूडे टोड’ (१९२१) मध्ये प्रियकराचे प्राण परत मागणाऱ्या तरुणीला मृत्यू तीन विझू घातलेल्या मेणबत्त्या दाखवतो. यांपैकी एक जरी वाचवलीस तरी तुझे मागणे मान्य, अशी त्याची अट असते. या तीन मेणबत्त्यांच्या तीन कथा होतात. पाउल लेनी यांच्या ‘दास वाक्सफिगुरेनकाबिनेट’ (१९२४) मध्ये मेणाच्या पुतळ्यांवर कथा लिहायला बसलेला लेखक शेवटी स्वतःच त्यांतील एका खुनी पुतळ्याच्या तावडीत सापडतो. चौथ्या कथेचा पुतळा चित्रपटात दिसतो, पण पैशाअभावी ती कथा चित्रित झाली नाही. लांग यांच्या चित्रपटाला भयपट म्हणावे का, याविषयी अभ्यासक साशंक आहेत. लेनी यांच्या चित्रपटातील शेवटची, जेमतेम काही मिनिटांची खुन्याची कथा मात्र आधीच्या दोन लांबलचक कथांपेक्षा अधिक भेदक आहे, यावर बहुतेकांचे एकमत आहे.

आकर्षणाचे स्वरूप : सर्वांत जुने स्पष्टीकरण लांबीचे आहे. पो यांनी १८४२ मध्ये कथेविषयी लिहिताना म्हटले होते, की कथा एका बैठकीत, अर्ध्या ते दोन तासांत संपावी व तिच्यातील प्रत्येक शब्दाने एकच परिणाम साधावा. भयाला हे विशेष लागू पडते. दीर्घ भयपटात केव्हातरी खुलासा करावाच लागतो. भूत कोणाचे, ते का आले, कशाने जाईल, हे सांगण्यात तिसरा अंक खर्ची पडतो आणि खुलासा झाला की भीती ओसरते. वीस मिनिटांच्या कथेवर ही सक्ती नसते. साहित्यमीमांसक त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये मांडल्याप्रमाणे अद्भुत कथेचा प्राण ‘हे खरेच घडले की भास होता’ या संदिग्धतेत असतो. ही संदिग्धता तीन तास टिकवणे जवळजवळ अशक्य, पण वीस मिनिटे टिकवणे शक्य असते.

दुसरे कारण अनिश्चिततेचे. दीर्घ चित्रपटाचा नायक पहिल्या अर्ध्या तासात मरणार नाही, हे प्रेक्षकाला मनोमन ठाऊक असते. भयकथामालेत हा दिलासा मिळत नाही. कितीही मोठा नट असला तरी दहा मिनिटांत त्याचा निकाल लागू शकतो आणि कथा केव्हा संपेल याचा अंदाज बांधता येत नाही.

तिसरे कारण वैविध्याचे सांगितले जाते. एक कथा पसंत पडली नाही, तर दुसरी पडेल, असा हा युक्तिवाद आहे. तो खोटा नाही. अशा चित्रपटांवरील प्रेक्षकांची चर्चा नेहमी ‘कोणती कथा सर्वांत चांगली’ याच प्रश्नाभोवती फिरते. पण वैविध्य हेच मुख्य कारण असते, तर चौकट नसलेले कथासंच तितकेच लक्षात राहिले असते आणि तसे झालेले दिसत नाही. स्मरणात राहिलेल्या बहुतेक भयकथामालांना भक्कम चौकट आहे. सुट्या कथा संपत जातात, चौकट मात्र शेवटपर्यंत उघडी राहते. कथा सांगणारे व ऐकणारे सुरक्षित आहेत, हा प्रेक्षकाचा समज ती आधी पक्का होऊ देते आणि अखेरीस मोडते. प्रेक्षकही ऐकणाऱ्यांपैकीच एक असल्याने हा धक्का थेट त्याच्यापर्यंत पोहोचतो. सुट्या कथांची उत्तम मालिका ही किमया करू शकत नाही.

‘डेड ऑफ नाइट’ : चौकटीचा सर्वांत परिपूर्ण वापर ईलिंग स्टुडिओच्या ‘डेड ऑफ नाइट’ (१९४५) मध्ये झाला. बेझिल डिअर्डन, आल्बेर्तो काव्हालकांती, रॉबर्ट हॅमर व चार्ल्स क्राइटन या चार दिग्दर्शकांनी तो केला. एक वास्तुविशारद खेड्यातील एका घरी कामानिमित्त येतो आणि सांगतो, की हे घर व इथली माणसे त्याने वारंवार पडणाऱ्या स्वप्नात पाहिली आहेत. मग एकेक पाहुणा आपला अनुभव सांगतो. अपघातातून वाचलेला मोटारशर्यतपटू रात्री रुग्णालयातील खोलीत बसलेला असतो. घड्याळाची टिकटिक थांबते. तो पडदा सारतो, तर बाहेर लख्ख दिवस असतो आणि खाली घोड्यांची शववाहिका उभी असते. गाडीवान वर पाहून आत एकापुरतीच जागा असल्याचे अदबीने सांगतो. काही दिवसांनी बसथांब्यावर तोच चेहरा वाहकाच्या वेशात तेच वाक्य बोलतो. तो मागे हटतो आणि बस त्याच्या डोळ्यांदेखत पुलावरून खाली कोसळते. या कथेत रक्त नाही, किंकाळी नाही, भूतही नाही. भीती त्या अदबीत आहे. अधिक गाजली ती शब्दभ्रमकार व त्याच्या बाहुल्याची कथा. मायकेल रेडग्रेव्ह यांची त्यातील भूमिका नंतरच्या सर्व बाहुलीकथांना मापदंड ठरली.

शेवटी चौकट कोसळते, साऱ्या कथांतील माणसे एकमेकांत मिसळतात, वास्तुविशारद झोपेतून जागा होतो आणि त्याला त्याच घरी येण्याचे बोलावणे येते. चित्रपट जिथून सुरू झाला तिथेच येऊन थांबतो. विश्वाला आरंभ वा अंत नाही असे मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांताला (१९४८) चालना या वर्तुळाकार रचनेमुळे मिळाली, असे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी नंतर सांगितले. हॉइल आणि त्यांचे सहकारी हर्मन बाँडी व टॉमस गोल्ड यांनी हा चित्रपट एकत्र पाहिला आणि विश्वही असेच आदी-अंत नसलेले असले तर, असा प्रश्न गोल्ड यांनी केला, अशी ती आठवण आहे. ती पुष्कळ काळानंतर सांगितलेली असल्याने सिद्धांताचा उगम म्हणून तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. चित्रपटाच्या रचनेचा प्रभाव कुठवर पोहोचला, याचा दाखला म्हणून मात्र ती मोलाची आहे.

ॲमिकस आणि चित्रकथा : मिल्टन सुबॉट्स्की व मॅक्स रोझेनबर्ग या अमेरिकी निर्मात्यांच्या ॲमिकस या ब्रिटनमधील संस्थेने १९६५ ते १९७४ या काळात सात भयकथामाला काढल्या. सुबॉट्स्की यांच्यापुढे आदर्श ‘डेड ऑफ नाइट’चा होता. नामांकित नटाला थोड्या दिवसांपुरते घेऊन त्याचे नाव जाहिरातीत मिरवता येई, हे आर्थिक गणितही या प्रकाराच्या पथ्यावर पडले. पहिल्या चित्रपटात आगगाडीच्या डब्यातील पाच प्रवाशांना एक गूढ डॉक्टर टॅरोच्या पानांवरून भविष्य सांगतो. प्रवास संपल्यावर कळते, की ते सारे आधीच मेलेले आहेत.

‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ (१९७२) हा ईसी कॉमिक्सच्या १९५०–५५ मधील चित्रकथांवर आधारलेला आहे. दुष्टाला त्याच्या दुष्कृत्याला साजेशी भयंकर शिक्षा, हा त्या चित्रकथांचा ठरलेला साचा. १९५४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे त्यांची चौकशी झाली व लगेच आलेल्या आचारसंहितेमुळे त्या बंद पडल्या. वास्तविक नीतिन्यायाबाबत त्या अत्यंत कठोर होत्या. या चित्रपटात पीटर कुशिंग यांनी एका गरीब विधुराची भूमिका केली आहे. मृत पत्नीच्या तसबिरीशी बोलणारा, मुलांना जुनी खेळणी दुरुस्त करून देणारा हा म्हातारा शेजाऱ्याच्या डोळ्यांत खुपतो. प्रेमदिनी त्याला भेटकार्डांचा गठ्ठा येतो. तो आनंदाने एकेक उघडतो आणि प्रत्येकावर त्याची हेटाळणी करणाऱ्या ओळी असतात. वर्षभराने तो थडग्यातून उठून येतो, पण प्रेक्षकाला घाव बसतो तो त्या कार्डांपाशीच. कुशिंग यांच्या स्वतःच्या पत्नीचे निधन १९७१ मध्ये झाले होते. भयकथामालांना केवळ धक्कातंत्र म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य पाहावा. याच चित्रकथांच्या धर्तीवर जॉर्ज रोमेरो व स्टीव्हन किंग यांनी ‘क्रीपशो’ (१९८२) केला.

आशियाई परंपरा : मासाकी कोबायाशी यांचा ‘क्वायदान’ (१९६४) लाफ्कादिओ हर्न यांनी संकलित केलेल्या चार जपानी कथांवर आधारित असून १९६५ मध्ये त्याला कान महोत्सवात परीक्षक मंडळाचे विशेष पारितोषिक मिळाले. आंधळा वादक होइची याला प्रेतात्म्यांपासून वाचवण्यासाठी त्याच्या सर्वांगावर प्रज्ञापारमिताहृदयसूत्र लिहितात, फक्त कान राहून जातात. आणि अदृश्य झालेल्या त्या देहाचे तेवढे कानच प्रेतात्म्याला दिसतात. चौथी कथा अर्धवटच सोडलेली आहे. ती तशी का राहिली, हाच तिचा विषय होय. या चित्रपटाला रूढ अर्थाची चौकट नाही, पण रंगवलेली आकाशे आणि तोरू ताकेमित्सू यांचे संगीत चौकटीचे काम करतात. वर मांडलेल्या मताला हा सर्वांत बळकट अपवाद म्हणावा लागेल.

भारतात सत्यजित राय यांच्या ‘तीन कन्या’ (१९६१) या रवींद्रनाथांच्या कथांवरील चित्रपटातील ‘मणिहारा’ ही पूर्णतः भूतकथा आहे. एक शाळामास्तर घाटावर एका अनोळखी श्रोत्याला दागिन्यांच्या हव्यासाची हकीकत सांगतो. तो श्रोताच त्या कथेतला नवरा निघतो. बांगड्या घातलेला हाडांचा हात दागिन्यांच्या पेटीवर झडप घालतो, ते दृश्य भारतीय भयपटांतील अव्वल दृश्यांत गणले पाहिजे. हिंदीत राम गोपाल वर्मा यांची निर्मिती असलेल्या ‘डरना मना है’ने (२००३) रानात अडकलेल्या मित्रांची चौकट घेऊन सहा कथा सांगितल्या. चार दिग्दर्शकांचा ‘घोस्ट स्टोरीज’ २०२० मध्ये आला.

अलीकडील चित्रपटांपैकी ‘व्ही/एच/एस’ (२०१२) मध्ये जुन्या ध्वनिचित्रफितींची चौकट आहे, तर त्याच वर्षीच्या ‘द एबीसीज ऑफ डेथ’मध्ये इंग्रजी वर्णमालेच्या २६ अक्षरांवर २६ लघुपट आहेत.

काटछाट : सुट्या कथांची रचना वितरकांच्या कात्रीला सहज बळी पडते. ‘डेड ऑफ नाइट’मधील दोन कथा अमेरिकेत प्रदर्शनापूर्वी गाळल्या गेल्या, परिणामी अखेरच्या प्रसंगात त्या कथांतील माणसे अचानक अवतरतात आणि ती कोण, हे तेथील प्रेक्षकांना कळेना. मारिओ बाव्हा यांच्या ‘ब्लॅक सॅबथ’च्या (१९६३) अमेरिकी आवृत्तीत कथांचा क्रम बदलला व एका कथेचे कथानकच फिरवले गेले. ‘क्वायदान’मधील हिमकन्येची कथा अमेरिकेत वगळण्यात आली. ‘तीन कन्या’ परदेशात ‘टू डॉटर्स’ या नावाने, दोनच कथांसह दाखवला जाई. गाळलेली कथा ‘मणिहारा’ होती.