मित्राला कॅन्सर आणि तुम्ही लांब: कोकणातल्या रुग्णासाठी मदतीचे अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

गुहागरच्या, राजापूरच्या नाहीतर देवगडच्या मित्राला कॅन्सर निघाला आणि तुम्ही पुण्यात किंवा मस्कतला. रोज फोन करून "जेवलास काय" विचारलंत तर त्याला बरं वाटेलच. पण त्या घरात त्या दिवसांत खरी टंचाई असते ती कागद सांभाळणाऱ्या माणसाची, आणि हे काम लांबून होतं. रुग्णाची सही, त्याचा आधारला जोडलेला मोबाइल आणि तहसील कचेरीपर्यंत जाऊ शकेल असा गावातला एक माणूस एवढं मिळालं की पुरे.

सुरुवातीलाच लक्षात घ्या, उपचाराच्या खर्चाची सरकारी मदत ही उपचाराआधी किंवा उपचार चालू असताना मंजूर होते आणि रुग्णालयाकडे जाते. दागिने मोडून बिल भरलं आणि मग पावत्या घेऊन अर्ज केला, तर हाती काही लागत नाही. म्हणून अ‍ॅडमिट होण्याआधी अर्जाला लागा.

आधी ही फाइल तयार करा

रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट, सीटी किंवा पेट स्कॅनचे रिपोर्ट, डॉक्टरांनी लिहून दिलेला खर्चाचा अंदाज, चालू आर्थिक वर्षाचा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुकाचं पहिलं पान. सगळं नीट स्कॅन करून घ्या. ट्यूबलाइटखाली लॅमिनेटेड रेशनकार्डाचा फोटो काढला की नेमक्या नावाच्या ओळीवर चमक येते, आणि मग अर्ज "अस्पष्ट कागदपत्र" म्हणून परत. कार्ड खळ्यात, दिवसाच्या उजेडात ठेवून फोटो काढायला सांगा.

कोकणात अर्ज अडतो तो बहुतेक वेळा रेशनकार्डापाशी. चाकरमान्याचं नाव गावच्या कार्डातून कमी केलेलं असतं आणि मुंबईच्या कार्डात चढवायचं राहिलेलं असतं. बायकांच्या आधारवर माहेरचं आडनाव, कार्डावर सासरचं. हे आज तपासा, कारण दुरुस्तीला पुरवठा शाखेत वेळ जातो आणि केमोची तारीख थांबत नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर तुम्ही बसल्या जागी भरू शकता. ओटीपी मात्र रुग्णाच्या मोबाइलवर जातो. वाडीत रेंज नसेल तर त्याला रेंजमध्ये यायची वेळ ठरवून घ्या. दाखल्याला साधारण पंधरा दिवस धरा.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना

सगळ्यात आधी हीच बघा. ही योजना आता आयुष्मान भारतसोबत एकत्र चालते आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण देते. पूर्वी पिवळं-केशरी कार्ड लागायचं, आता पांढरं कार्डही चालतं. "आपलं कार्ड पांढरं, आपल्याला काय मिळणार" असं म्हणून घरी बसलेली माणसं अजून भेटतात, त्यांना हे ठासून सांगा.

अर्ज घरून करायचा नसतो. योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. तो कार्ड आणि ओळखपत्र बघून नोंदणी करतो आणि डॉक्टरांचे कागद पूर्वमंजुरीसाठी ऑनलाइन जातात. तुमचं काम म्हणजे ते रुग्णालय यादीत आहे का, आणि कॅन्सरच्या त्या उपचारासाठी आहे का, हे 155388 या हेल्पलाइनवर विचारून ठेवणं. हाडांसाठी यादीत असलेलं रुग्णालय केमोसाठी असेलच असं नाही.

मुख्यमंत्री सहायता निधी

उपचार योजनेत बसत नसेल तर हा मार्ग. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1 लाख 60 हजारांच्या आत हवं आणि रुग्णालयाची निधीच्या यादीत नोंद हवी. विहित नमुन्यातला अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट आणि खर्चाचं प्रमाणपत्र लागतं. रुग्णालय खाजगी असेल तर या प्रमाणपत्रावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही लागते, म्हणजे रायगडकरांना अलिबाग, सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस. गावच्या माणसाला तिथे पाठवण्याआधी फोन करून साहेब जागेवर आहेत का ते विचारा. दोडामार्गाहून ओरोसला एसटीने जाऊन हात हलवत परत येणं म्हणजे अख्खा दिवस गेला. मंजूर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. पूर्ण खर्च निघेल असं मात्र धरू नका.

मुंबई-पुण्यातलं ट्रस्टचं मोठं रुग्णालय असेल तर धर्मादाय खाटांचं विचारा. अशा रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. काउंटरवर "खाटा भरल्यात" हे उत्तर हमखास मिळतं. तेव्हा तिथल्या समाजसेवकाला लेखी अर्ज द्यायला सांगा.

परळला जायचं असेल तर

चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कॅन्सरवर उपचार होतात, तेव्हा थेट मुंबई गाठण्याआधी तिथे विचारा. परळच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयात जायचं ठरलं तर ऑनलाइन नोंदणी तुम्ही करून देऊ शकता. फाइल काढताना 'जनरल' की 'प्रायव्हेट' हे विचारतात. पुढे मदत मागायची असेल तर जनरल घ्या. गावाकडच्या लॅबमधून नुसता रिपोर्ट नेऊ नका, बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) आणि स्लाइड्सही (काचपट्ट्या) लागतात. त्या दुसऱ्याने आणायच्या तर रुग्णाच्या सहीचं अधिकारपत्र आणि आधारची प्रत लॅबला द्या. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. दोन्हीकडे गर्दी असते, आणि रुग्णालयाचे कागद दाखवावे लागतात.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीच्या मूळ भाड्यात 100 टक्के सवलत आहे. सोबतच्या एका माणसाला याच वर्गांत 75 टक्के. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र कॅन्सर रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून भरून घ्यायचं आणि आरक्षण खिडकीवर दाखवायचं. तत्काळमध्ये ही सवलत लागू नाही. गणपती-शिमग्याच्या दिवसांतली तारीख असेल तर आरक्षण उघडल्याबरोबर कोणीतरी खिडकीवर उभं राहायला हवं. कोकणातून येणारी तुतारी एक्सप्रेस दादरला येते, तिथून परळ जवळ.

महिन्याचा आधार

काम बंद पडलेल्या, 65 वर्षांखालच्या रुग्णाला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिना 1,500 रुपये मिळू शकतात. कॅन्सर पात्र आजारांत आहे. कौटुंबिक उत्पन्नाची अट वर्षाला 21 हजार इतकी खाली आहे, त्यामुळे बरेच जण बाहेर पडतात. बसत असेल तर तहसीलच्या संजय गांधी शाखेत अर्ज करायचा, सोबत शासकीय रुग्णालयाचा आजाराचा दाखला जोडायचा.

तुम्ही स्वतः पैसे देणार असाल तर

मित्र हा आयकराच्या भाषेत नातेवाईक नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून 50 हजारांवर रक्कम आली, तर ती सगळीच त्याचं उत्पन्न धरली जाते. दहा मित्रांनी वर्गणी काढून त्याच्या खात्यात टाकली की हा आकडा सहज ओलांडतो. त्यापेक्षा रुग्णाच्या फाइल क्रमांकावर रुग्णालयातच भरा. टाटात स्मार्ट कार्डावर पैसे जमा होतात आणि तपासण्या-औषधांचे त्यातून वजा होतात. भरल्याची पावती घरच्यांना पाठवा, आणि उरलेली रक्कम कोणाच्या खात्यात परत जाईल ते काउंटरवर आधीच विचारून घ्या.