वेळासची कासवं आणि पहाटे किनारा चालणारी माणसं

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर चढते, वाळूत खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि तासाभरात समुद्रात परत जाते. त्या घरट्याकडे ती पुन्हा फिरकत नाही. पुढे त्या अंड्यांचं काय होणार, हे कोकणात बराच काळ एकाच गोष्टीवर ठरायचं: सकाळी तिचा माग आधी कोणाला दिसतो? कोल्ह्याला, भटक्या कुत्र्याला की माणसाला? कोणालाही दिसला तरी घरटं रिकामंच व्हायचं.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, बाणकोटजवळ वेळास हे छोटं गाव आहे. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून ते इतिहासात येतं. आज मात्र वेळास म्हटलं की लोकांना कासवं आठवतात, आणि हे घडलं ते चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेमुळे. २००२ साली भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाच्या कामासाठी किनारा पालथा घालत होते. वेळासला त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. शोध गरुडाचा होता, पण दिसेल ते टिपून ठेवायची सवय असलेल्या माणसांना टरफलांवरून पाय टाकून पुढे जाता येत नाही. त्याच हंगामात संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरट्यांचं रक्षण सुरू केलं. पहिल्या वर्षी पन्नासेक घरटी वाचली आणि अडीच हजारांवर पिल्लं समुद्रात गेली.

कायदा त्याआधीच होता. समुद्री कासवांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे. पण पहाटे चार वाजता किनाऱ्यावर कायदा हजर नसतो. तिथे गावातलाच कोणीतरी असावा लागतो. माग ओळखायची विद्या किनाऱ्यावरच्या लोकांकडे होतीच, फक्त ती अंडी काढण्यासाठी वापरली जायची. संस्थेने त्याच विद्येला वेगळं काम दिलं, आणि मला यातच तिचं सगळं शहाणपण दिसतं. बाहेरून तज्ज्ञ आणून बसवले असते तर निधी संपला की तेही गेले असते.

कासवमित्र, म्हणजे पहाटे किनारा चालून घरटी शोधणारा गावातला माणूस, काय पाहतो ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. रिडले डावं-उजवं वल्हं, म्हणजे वल्ह्यासारखा चपटा पाय, आळीपाळीने टाकत चालते, त्यामुळे तिच्या मागातले दोन्ही बाजूंचे ठसे समोरासमोर नसतात, एकाआड एक पडतात. हिरवं समुद्री कासव दोन्ही वल्ही एकदम टाकतं, त्याचा माग समोरासमोर उमटतो. म्हणजे मादी दिसली नाही तरी ती कोणत्या जातीची, हे वाळू सांगते. एक माग चढतीचा, एक उतरतीचा. दोन्हींच्या मध्ये भरतीरेषेच्या वर, कुठेतरी वाळू विस्कटलेली असते. रिडले घरटं बुजवल्यावर अंग डावी-उजवीकडे आपटून वाळू दाबते, त्यामुळे नेमकी जागा हाताला चटकन लागत नाही. बारीक काठीने हलकेच चाचपत जायचं. जिथे काठी अलगद आत जाते तिथे हाताने उकरायचं. हातभर खोलीवर तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद असा खड्डा लागतो, आणि त्यात टेबल टेनिसच्या चेंडूएवढी पांढरी अंडी.

इथून पुढे घाई असते आणि तिच्यामागे शरीरशास्त्र आहे. मादीच्या पोटात असताना अंड्यातल्या गर्भाची वाढ प्राणवायूअभावी थांबलेली असते. अंडं बाहेर आलं, हवा लागली की वाढ पुन्हा सुरू होते. काही तासांतच गर्भ वर सरकतो आणि वरच्या बाजूच्या कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंसुलटं झालं तर गर्भ मरतो. कासवाच्या अंड्यात पक्ष्याच्या अंड्यासारखे बलक सांभाळणारे दोर नसतात. म्हणून अंडी हलवायचीच असतील तर ती पहिल्या काही तासांत, न फिरवता हलवायची. उन्हं वर येईपर्यंत झोपलेल्या माणसाच्या हातून हे होणारच नाही. पहाटेची फेरी हौसेची नाही, ती त्या चिकटणाऱ्या गर्भाने ठरवून दिलेली आहे.

अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच जाळीने कुंपण घातलेल्या जागेत नेतात. तिथे मूळ घरट्याएवढाच खोल, तसाच खड्डा करून ती पुरायची आणि पाटीवर तारीख व अंड्यांची संख्या लिहायची. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं वर येतात. ती नर होणार की मादी, हे गुणसूत्रांवर ठरत नाही. उबवण्याच्या मधल्या काळात वाळूचं तापमान किती होतं, त्यावर ते ठरतं. साधारण २९ ते ३१ अंशांच्या दरम्यान कुठेतरी तो समतोल असतो. वाळू त्याहून थंड तर नर जास्त, गरम तर माद्या जास्त, आणि फारच तापली तर अंडी मरतात. त्यामुळे हॅचरी सुरूच्या झाडांच्या सावलीत घ्यायची की उघड्यावर, हा साधा वाटणारा निर्णय पुढच्या पिढीतलं नर-मादीचं प्रमाण बदलू शकतो. तापमान वाढत चाललेल्या काळात ज्या गावांकडे वर्षानुवर्षांच्या नोंदवह्या आहेत, त्यांच्या नोंदींना मोल आहे. माझं मत विचाराल तर सोडलेल्या पिल्लांच्या आकड्यापेक्षा त्या वह्या मोठ्या. आणि घरटं जिथे सुरक्षित राहू शकतं तिथे ते हलवूच नये. हॅचरी हा नाइलाजाचा उपाय आहे.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. फेब्रुवारी-मार्चपासून पर्यटक येतात, गावातल्या घरांतच राहतात, घरचं जेवतात. सकाळ-संध्याकाळ हॅचरीतल्या घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलल्या जातात. पिल्लं वर आली असतील तर ती पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत ठेवतात. समुद्रापर्यंत त्यांनी स्वतःच चालायचं. पर्यटक दोरीच्या अलीकडे उभे. घरोघरी चार पैसे येऊ लागले, तेव्हा कासव हा साऱ्या गावाचा विषय झाला. पुढे वनविभाग आणि खारफुटीची जंगलं सांभाळणारा त्याचा कांदळवन कक्षही या कामात उतरले आणि आंजर्ल्यासारख्या इतर गावांतही हा उपक्रम पोचला.

धोका आहेच. पिल्लं उजेडाकडे ओढली जातात. मोकळ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्रावरच्या आकाशाचा असतो. तिथे मोबाइलचा प्रकाश किंवा रिसॉर्टचे दिवे आले की ती भरकटतात. गर्दीसाठी पिल्लं टोपलीत तासन्‌तास राखून ठेवली तर किनारा पार करायला लागणारी ताकद आधीच संपते. कार्यक्रम पाहुण्यांच्या वेळेवर नाही, पिल्लांच्या वेळेवर व्हायला हवा. एखाद्या सकाळी टोपलीखाली काहीच निघालं नाही, तर पर्यटकाने तसंच परत जायची तयारी ठेवावी. तेही निसर्ग पाहणंच आहे.

हौसेने निसर्ग पाहायची आणि नोंदी ठेवायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. निसर्गातल्या गोष्टी एकमेकांना दाखवाव्यात, नोंदी ताडून पाहाव्यात, एवढ्यासाठी जमलेली ही मंडळी. तीच रीत आज तालुक्यांच्या गावांतल्या संस्था चालवतात. ‘सह्याद्री निसर्ग मित्र’नेही कासवांवरच न थांबता वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवरच्या पाकोळ्यांसाठी आणि कोकणातल्या गिधाडांसाठी काम केलं.

किनारा सांभाळला तरी समुद्र उरतोच. कासव फुप्फुसाने श्वास घेतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर ते बुडून मरतं. जाळं कापून कासव सोडलं तर मच्छीमाराचं नुकसान होतं, आणि ते त्यानेच सोसावं असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीपासून अशा मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे.

रिडले वयात यायला बारा-पंधरा वर्षं लागतात. वेळासहून पहिल्या हंगामात गेलेल्या पिल्लांपैकी ज्या माद्या जगल्या असतील, त्या आता अंडी घालण्याच्या वयाच्या आहेत. या कामाचं फळ तीन-चार वर्षांच्या प्रकल्पात दिसूच शकत नाही. तेवढा काळ टिकणारी स्थानिक माणसंच लागतात. पश्चिम किनाऱ्यावरची कासवं एरवी कुठे असतात, हेही आत्ता कुठे कळू लागलंय. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीला उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावलं आणि तिचं नाव प्रथमा ठेवलं. ती पुढे उत्तरेला गुजरातच्या दिशेने गेली. मग जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची पट्टी आढळली. पट्टीवरच्या क्रमांकाचा शोध घेतला तेव्हा कळलं की ती २०२१ साली ओडिशात, गहिरमाथ्याला लावलेली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या कासवांचा एकमेकांशी संबंध किती, हा प्रश्न त्या पट्टीने नव्याने उभा केला. त्याचं उत्तर शोधायला अशा आणखी कितीतरी पट्ट्या वाचाव्या लागतील.