बालछळ व बाल संरक्षण (नागपूर)

मुलास होणारी मारझोड, लैंगिक अत्याचार, मानसिक छळ आणि खाणेपिणे, औषधपाणी, देखरेख यांतील हेळसांड यांना मिळून बालछळ म्हणतात. काही पाश्चात्त्य देशांत घरी जाऊन चौकशी करणारा व मूल ताब्यात घेणारा स्वतंत्र सरकारी विभाग असतो. नागपुरात हे काम पोलीस, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती यांच्यात वाटलेले आहे, निर्णय समितीचा. बोलण्यात मात्र संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचे बालगृह असो वा गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांचे निरीक्षणगृह, सगळ्यालाच ‘रिमांड होम’ म्हणतात.

नागपुरातील या व्यवस्थेचा उगम पुष्कळदा मुंबईच्या 1924 च्या बाल अधिनियमापर्यंत नेला जातो. हे मत जपूनच स्वीकारावे. त्या काळी नागपूर मध्य प्रांताची राजधानी होते आणि मुंबई इलाख्याचे कायदे येथे चालत नसत. मध्य प्रांताचा बालकविषयक कायदा 1928 चा मानला जातो. तोच येथील आरंभ धरणे अधिक सयुक्तिक. मुंबईचा 1948 चा अधिनियमही नागपूरला मुळापासूनचा म्हणता येत नाही, कारण विदर्भ मुंबई राज्यात आला तो 1 नोव्हेंबर 1956 रोजी. शिवाय या जुन्या कायद्यांचा रोख मुख्यतः गुन्हेगार ठरलेल्या, भटक्या व निराधार मुलांवर होता. पालकाकडूनच होणारी इजा हा वैद्यकीय चर्चेचा ठळक विषय झाला तो बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप व सहकाऱ्यांच्या 1962 च्या अमेरिकन लेखानंतर. 1986 च्या केंद्रीय बाल न्याय कायद्याने मूल मानण्यासाठी मुलग्यांना 16 व मुलींना 18 वर्षे अशी वेगवेगळी वयोमर्यादा ठेवली होती. 2000 च्या कायद्याने ती दोघांनाही 18 केली आणि बाल कल्याण समिती अस्तित्वात आणली.

सध्याचा बाल न्याय अधिनियम 2015 चा असून तो 15 जानेवारी 2016 पासून अमलात आहे. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. सदस्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत समितीपुढे आणावे लागते. समितीची बैठक नसेल तर ते एका सदस्यापुढेही नेता येते. सामाजिक तपासणी (मुलाच्या घरची व परिस्थितीची चौकशी) 15 दिवसांत आणि अंतिम आदेश मूल प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत, अशी कायद्याची मुदत आहे. मूल पालकांकडे परत द्यावे, नातलगांकडे सोपवावे की बालगृहात ठेवावे, हा यातला खरा नाजूक भाग; संस्थेत ठेवणे हा कायद्याने शेवटचा उपाय मानला आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्याशी क्रूर वर्तन केल्यास त्याला कलम 75 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, परंतु परिस्थितीने नाइलाज होऊन मूल सोडणारे जन्मदाते या कलमातून वगळले आहेत.

लैंगिक गुन्ह्यांना 2012 चा पोक्सो अधिनियम (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) लागू होतो. गुन्ह्याची माहिती असणाऱ्यास ती कळवणे बंधनकारक आहे. मुलाचा जबाब घेताना पोलिसाने गणवेशात असू नये, अशीही तरतूद आहे. या कायद्याच्या इतिहासात नागपूरचे नाव एका वादग्रस्त निकालाने आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 19 जानेवारी 2021 रोजी, त्वचेचा त्वचेशी थेट स्पर्श नसल्यास त्या कायद्याखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा अर्थ लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2021 रोजी तो रद्द करून स्पर्शामागील लैंगिक हेतू निर्णायक ठरवला.

मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. त्यामुळे घर सोडून निघालेली परप्रांतीय मुलेही येथील फलाटांवर आढळतात. अशा मुलाची भाषा येथील कोणाला येत नसेल तर त्याचे घर शोधण्यात बराच वेळ जातो. मदतीसाठी 1098 हा क्रमांक असून तो ‘दस नौ आठ’ असा उच्चारतात; 1996 मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता शासकीय यंत्रणेमार्फत चालते.