कॅनडाचे पीआर ‘गेले’ असे ठरवण्यापूर्वी : परदेशी नोकरीवरून परतणाऱ्या गोमंतकीय कुटुंबांसाठी

पीआर म्हणजे कायम वास्तव्य. पीआर कार्डाची मुदत संपली की कॅनडातील कायम वास्तव्याचा हक्कही संपला, हा समज गोव्यात इतका रुजला आहे की दुबई, दोहा किंवा मस्कत येथे काही वर्षे नोकरी करून टोरंटोला परतू पाहणारी कुटुंबे अर्ज करण्याआधीच आशा सोडतात, आणि काही जण तर निदान पर्यटक व्हिसा तरी मिळावा म्हणून तो हक्क स्वतःच्या सहीने सोडून मोकळे होतात. कार्ड हा हक्काचा केवळ पुरावा आहे आणि त्यावरील तारीख ही कार्डापुरतीच आहे. अधिकाऱ्याने रीतसर निर्णय देऊन त्यावरील अपिलाचा मार्ग संपला, देश सोडण्याचा आदेश लागू झाला, नागरिकत्व मिळाले किंवा स्वतः लिहून दिले, तरच हक्क जातो. नुसती वर्षे उलटल्याने तो जात नाही. म्हणून हक्कत्यागाच्या अर्जावर कोणाच्याही सांगण्यावरून घाईने सही करू नये. तो मंजूर झाल्यावर जुना हक्क परत मिळवण्याची कोणतीही तरतूद नाही.

हक्क टिकवण्यासाठी अट आहे ती मागील ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहिल्याची. ही ५ वर्षे कार्डावरील तारखांप्रमाणे नव्हे, तर अर्जाच्या दिवसापासून मागे मोजली जातात, त्यामुळे त्यापूर्वी तेथे १० वर्षे घर करून राहिला असलात तरी ते दिवस हिशेबात येत नाहीत. दिवस सलग असण्याची मात्र गरज नाही, आणि दिवसाचा काही भाग तेथे घालवला तरी तो पूर्ण दिवस धरला जातो.

परदेशात घालवलेले काही दिवसही मोजले जातात, आणि बहुतेक अर्ज अडतात ते इथेच. कॅनडाचा नागरिक असलेल्या पती किंवा पत्नीसोबत राहिल्याचे दिवस धरले जातात. मुलाच्या बाबतीत नागरिक असलेल्या आई किंवा वडिलांसोबतचे. याच्या उलट, कॅनडात जन्मलेल्या नागरिक मुलासोबत आईवडील आखातात राहिले, तर ते दिवस आईवडिलांच्या खात्यात पडत नाहीत. हे ऐकल्यावर अनेकांचा विश्वास बसत नाही, पण कायदा स्पष्ट आहे. नोकरीचेही तसेच आहे. कॅनडातील कंपनीने पूर्णवेळ कर्मचारी म्हणून बाहेर नेमले असेल तर दिवस धरले जातात. तिच्याच आखाती शाखेत तुम्ही तिथल्या तिथे रुजू झाला असाल, तर सहसा नाही. ‘अमुक वर्षापासून आमच्याकडे कामाला आहेत’ एवढ्या ओळीच्या पत्राने काहीच सिद्ध होत नाही. नेमणूक कोणी केली, किती काळासाठी केली आणि ती संपल्यावर कॅनडात परत घेणार का, हे पत्रात असावे लागते. विदेशी मालकीच्या जहाजांवर जाणाऱ्या आपल्या तारवटींना समुद्रावरचे दिवस धरता येत नाहीत.

मुदत न संपलेले कार्ड हाती नसलेल्याने कॅनडाबाहेरून पीआर प्रवासपत्रासाठी अर्ज करायचा असतो. शुल्क माणशी ५० डॉलर आहे आणि कुटुंबातील प्रत्येकाचा अर्ज वेगळा असतो. ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे ते ईटीए (ऑनलाइन मिळणारा प्रवास परवाना) काढून विमानात बसू असे धरून चालतात, परंतु पीआर असलेल्याला ईटीए मिळत नाही. याच मंडळींची दुसरी अडचण अधिक गंभीर आहे : ५ वर्षांच्या ये-जाचे शिक्के जुन्या भारतीय पासपोर्टवर असतात आणि तो तर जमा केलेला असतो. तो देण्यापूर्वी कोऱ्या पानांसह प्रत्येक पानाची रंगीत प्रत काढून ठेवावी. संधी हुकली असेल तर ज्या देशात नोकरी होती तेथील इमिग्रेशन खात्याकडून प्रवेश-निर्गमनाचा तपशील मिळतो का, हे आधी पाहावे.

नावांचा घोळ हा खास गोव्याचा. एका कागदावर कामत तर आजोबांच्या पोर्तुगीज नोंदीत कामोतीम, एकीकडे प्रभू तर दुसरीकडे पोरोबो. कॅनडाच्या अधिकाऱ्याला आपला इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही. पोर्तुगीज दाखल्याचे इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, हे सारे पहिल्याच वेळी जोडावे.

दिवस कमी पडत असतील तर मानवतावादी कारणांवर सूट मागता येते, आणि खरी लढत या एका पत्रावर असते. देश का सोडला, परतण्याची पहिली संधी कधी आली व ती घेतली का, तेथे कोणते नाते किंवा घर उरले आहे, आणि निर्णयाचा मुलांवर काय परिणाम होईल, हे अधिकारी तपासतो. ‘पगार चांगला होता’ हे कारण खरे असले तरी दुबळे आहे. आजारी आईच्या शुश्रूषेसाठी थांबलात, तर गोमेकॉचे (गोवा वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाचे) डिस्चार्ज कार्ड, त्यानंतरच्या तपासण्यांचे कागद आणि दुसरा कोणी भाऊबंद का पाहू शकत नव्हता याचे उत्तर द्या. डिस्चार्जची तारीख २०२१ ची आणि परतीचा अर्ज २०२५ चा असेल, तर मधल्या ४ वर्षांचाही खुलासा लागतो. नेमका तोच बहुतेक पत्रांत नसतो.

अर्ज फेटाळला गेला तर निर्णय हाती आल्यापासून ६० दिवसांत इमिग्रेशन अपील विभागाकडे अपील करावे लागते. ते दिवस वकील शोधण्यात किंवा ‘पुन्हा अर्ज करू’ म्हणत घालवू नयेत, कारण ही मुदत गेल्यावर हक्क खरोखरच जातो. अपिलात नवा पुरावा देता येतो, आणि निकाल लागेपर्यंत पीआर कायम राहते. मागील ३६५ दिवसांत एकदा तरी कॅनडात पाऊल टाकले असेल, तर अपील प्रलंबित असताना प्रवासपत्र देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक असते, म्हणून अलीकडच्या प्रवासाचा बोर्डिंग पास जपून ठेवावा.