भज्जी की भाजी? येळवस आणि भोगीच्या ताटातला फरक

हिवाळा लागला की बाहेरगावच्या खवय्या मित्रांचे फोन सुरू होतात. "ती तुमच्याकडची सगळ्या भाज्यांची भाजी कधी खायला येऊ?" मग मला उलट विचारावं लागतं, "कुठली? येळवशीची भज्जी की भोगीची भाजी?" पलीकडे शांतता. मग हमखास ठरलेलं वाक्य: "दोन्ही एकच ना?"

एकच नाहीत. पण गोंधळ का होतो ते समजण्यासारखं आहे. दोन्हींत शेतातला हिरवा माल पडतो, दोन्हींत तूर, हरभरा, गाजर, वांगी आहेत, दोन्हींच्या जोडीला बाजरी आहे, आणि तारखाही जवळजवळ. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षाची अमावस्या. ती चंद्रावर चालते म्हणून मागेपुढे सरकते. भोगी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे सूर्यावर चालणारी, 13-14 जानेवारीला ठाण मांडून बसलेली. 2024 मध्ये येळवस 11 जानेवारीला आली आणि भोगी 14 ला. तीन दिवसांत दोन्ही. त्या आठवड्यात आमच्या घरी तूर सोलून सोलून सगळ्यांची नखं काळी पडली होती. त्याच वर्षअखेरीला, 30 डिसेंबरला पुन्हा येळवस आली, तेव्हा मात्र भोगीला दोन आठवडे अवकाश मिळाला.

तिसरा घोटाळा नावाचा. भज्जी म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला कांदाभजी दिसते. एका मित्रानं लातूरच्या एका हॉटेलात मोठ्या ऐटीत भज्जी मागितली आणि समोर गरम भज्यांची प्लेट आली. त्यानं ती खाल्लीही, आणि मला कळवलं की ठीक आहे, एवढं काय त्यात. आत्यानं हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "आरं, भजी तळतेत. भज्जी घोटतेत."

सगळा फरक या घोटण्यात आहे.

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारपासून घरात शेंगांचा ढीग पडतो. तुरीच्या शेंगा, वाटाणा, वाल, पावटा. हरभऱ्याचं असं, की अमावस्या डिसेंबरात पडली तर घाटे भरलेले नसतात, मग सुका हरभरा रात्री भिजत घालायचा. जानेवारीत पडली तर ओला सोलाणा मिळतो आणि भज्जीचा रंगच बदलतो. पहाटे मोठ्या पातेल्यात दाणे आणि शेंगदाणे शिजत लागतात. गाजर, वांगं बारीक चिरून त्यात जातं. मग मेथी, पालक, कांद्याची पात, लसणाची पात, आणि सगळ्यांत महत्त्वाचा आंबट चुका. चुका नाही तर भज्जी नाही, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या चिंचेवर भागवणारी घरं आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त दुसरी वाढ घेत नाही. हिरवी मिरची आणि लसूण पाट्यावर नाहीतर मिक्सरमध्ये भरड वाटून फोडणीला. शेवटी ताकात किंवा चिंचेच्या पाण्यात कालवलेलं बेसन एका हातानं धार धरून सोडायचं आणि दुसऱ्या हातानं घोटत राहायचं. इथं हात थांबला की गुठळ्या. दहा-पंधरा मिनिटांत भाज्या आपापली ओळख सोडतात आणि हिरवट-पिवळा, जाडसर, पळीवरून हळू सुटणारा गोळा तयार होतो. खाताना मधूनच तुरीचा दाणा दाताखाली येतो, बाकी कुठली भाजी कुठे आहे ते शोधायचं नाही.

भोगीची भाजी याच्या उलट वृत्तीची. तिच्यात बेसन नाही. वांग्याची फोड वांग्याची राहायला हवी, गाजर गाजराचं, वालपापडी अख्खी. बोरं पडतात, काही घरांत उसाचे करवे पडतात. तिखट असतं, पण गूळ आणि तिळाचं कूट सगळ्यावर हलका गोडवा चढवतं. रंग तपकिरी, अंगाबरोबर रस्सा, वर तेलाचा तवंग. सोबत तीळ थापलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि मुगाची खिचडी. "न खाई भोगी तो सदा रोगी" म्हणत लहानपणी आम्हाला बोर आलेला घास गिळायला लावायचे. शिजलेलं बोर मला अजूनही आवडत नाही. ही भाजी महाराष्ट्रभर होते, पश्चिमेकडे तिला खेंगट म्हणतात, म्हणून तिच्यावर जास्त लिहीत नाही. तुमच्या आजीलाही येत असेल.

येळवस मात्र सगळीकडे नाही. लातूर, धाराशिव, थोडा बीड-नांदेड-सोलापूरचा कडेचा भाग, आणि पलीकडे बीदर, कलबुर्गी. संभाजीनगर-जालन्याकडच्या माणसाला ती फारशी ठाऊक नसते. कन्नड मुलखात हिला 'एळ्ळ अमावास्या' म्हणतात, आणि एळ्ळु म्हणजे तीळ. 1956 पर्यंत बीदर, कलबुर्गी आणि आमचा मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे ताटं मिसळलेली असणं नवल नाही. गंमत अशी, की तिळाचं नाव येळवशीला, पण भाजीत तीळ पडतो भोगीच्या. आमच्या भज्जीत तीळ पडत नाही, तो पोळीत जातो.

खाण्याची जागाही वेगळी. भोगी स्वयंपाकघरात, पाटावर. येळवस शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटं, उभारतात, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा होते, आंबील शिंपडत "ओलगे ओलगे" करत पिकाभोवती फेरी होते. मग ताट: भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबट भात, तिळाची पोळी, आणि बिंदग्यातलं, म्हणजे मडक्यातलं, आंबील. उंडा म्हणजे पिठाचा उकडलेला गोळा. तो नुसता खाल्ला तर घशात अडकतो. तो मोडून भज्जीत कुस्करायचा, वर कच्चं तेल घ्यायचं. पाहुणे इथंच चुकतात. भज्जी भाजीसारखी चिमटीनं खातात आणि उंडा बाजूला ठेवतात. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं पेय, लसूण-जिऱ्याचं, आंबटसर. उन्हात दोन पेले झाले की झाडाखाली आडवं व्हावंसंच वाटतं.

भज्जी घोटीव का, याचं माझ्यापुरतं उत्तर या शेतातल्या पंगतीत आहे. भोगीला माणसं मोजून भाजी करतात. येळवशीला किती येणार हे कुणालाच माहीत नसतं. शेजारचा शेतकरी, तालुक्याच्या ऑफिसातले साहेब, रस्त्यावरून जाणारा ट्रकवाला, सगळ्यांना "या की जेवायला" असतं. फोडी मोजून वाढायच्या भाजीला हे झेपत नाही. बेसन घातलेली भज्जी वाढते, टिकते, बैलगाडीत किंवा टमटममध्ये हिंदकळली तरी बिघडत नाही, गार झाली तरी चालते.

तेव्हा प्रवासाचा बेत करणाऱ्यांसाठी: भोगीची भाजी त्या आठवड्यात एखाद्या खानावळीच्या फळ्यावर दिसू शकते. भज्जीसाठी हॉटेल शोधू नका. येळवशीला लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते, बाजारपेठ बंद, दुपारी रस्ते रिकामे. चहाची टपरीसुद्धा मिळत नाही, कारण टपरीवालाही शेतात गेलेला असतो. ओळख काढा. ऑफिसातला, कॉलेजातला, कुणीही लातूर-धाराशिवचा माणूस धरा. तो नाही म्हणणार नाही. जाताना मिठाईचे डबे नेऊ नका, ते कोपीत कुणी उघडत नाही. टोपी न्या आणि बूट काढायला सोपे घाला.

उरलेल्याचंही वेगळं. भोगीची भाजी दुसऱ्या दिवशी गळते, वांगी विरघळतात. भज्जी दुसऱ्या दिवशी घट्ट होऊन जास्त चांगली लागते. ज्वारीच्या कडक भाकरीवर ती थापून वर तेल, बाजूला कांदा. निघताना आत्या डबा भरून देईल तो घ्याच, थंडीत रात्रभराचा रेल्वेचा प्रवास तो सहज काढतो. आंबील मात्र बाटलीत बंद करून नेऊ नका. ते वाटेत फुगतं. माझ्या मित्रानं सकाळी मुंबईत झाकण उघडलं, तेव्हा निम्मं आंबील छताला होतं आणि निम्मं समोरच्या सीटवरच्या काकांच्या शर्टावर.