‘महल’ आणि ‘मधुमती’: पावसातली ती हवेली नक्की कोणती?

जुलैतली झड लागली होती. दिवसभर आभाळ गळत होतं. संध्याकाळी महालातून मैत्रिणीचा फोन आला.

“अगं, तो पिक्चर कोणता गं? वादळी रात्र, ओसाड हवेली, भिंतीवर तसबीर. ती गाणं म्हणत पुढे पुढे जाते अन् तो तिच्या मागे मागे. शेवटी दोघं पुढच्या जन्मी भेटतात. काळा-पांढराच आहे. आई चार दिवसांपासून त्याचीच गोष्ट सांगून राहिली, म्हटलं एकदा लावून देऊ तिला.”

मी म्हटलं, “हा एक पिक्चर नाही, दोन आहेत. अर्धी गोष्ट ‘महल’ची आहे अन् अर्धी ‘मधुमती’ची.”

“महल म्हणजे?” तिने विचारलं, कारण आम्हा नागपूरकरांच्या कानाला महाल म्हणजे भोसल्यांची जुनी वस्ती, गांधी गेट, बडकस चौक. मग अर्धा तास मी तिला फोनवर दोन्ही सिनेमे वेगळे करून सांगत बसले. तेच इथे जरा सावकाश लिहिते आहे, कारण जुने प्रेमाचे आणि गूढ सिनेमे कोणाला सुचवायचे म्हटलं की ही गल्लत हमखास होते. एक गोष्ट आधीच सांगते: दोन्हींचा शेवट सांगितल्याशिवाय त्यांच्यातला फरक सांगताच येत नाही. ज्यांना आधी पाहायचे आहेत त्यांनी पाहून यावं. दोन्ही अडीच तासांहून मोठे आहेत, पण वेळ कारणी लागेल.

गल्लत का होते ते आधी पाहू. दोन्हींत एक शहाणासुरता, शिकलेला पुरुष अंधाऱ्या रात्री एका बंद पडलेल्या हवेलीत येतो. दोन्हींत भिंतीवरचं चित्र पाहून तो दचकतो. दोन्हींत एका मेलेल्या मुलीची गोष्ट आहे, मागच्या जन्मीचं अपुरं प्रेम आहे, आणि लता मंगेशकरांचा आवाज आहे, जो नायकाला ओढून नेतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या माणसाच्या मनात या दोन हवेल्यांमधली भिंत केव्हाच पडलेली असते.

‘महल’ 1949 चा, बॉम्बे टॉकीजचा. कमाल अमरोही यांचं हे पहिलं दिग्दर्शन. अशोक कुमार आणि मधुबाला. मधुबाला तेव्हा सोळा वर्षांची होती. ‘मधुमती’ 1958 चा, बिमल रॉय यांचा. कथा ऋत्विक घटक यांची, संवाद राजिंदर सिंह बेदी यांचे, संगीत सलील चौधरी यांचं, आणि दिलीप कुमार-वैजयंतीमाला. त्याला नऊ फिल्मफेअर मिळाले आणि तो विक्रम नव्वदच्या दशकापर्यंत टिकला. पण साल-सनावळीने सिनेमा ओळखू येत नाही. तो ओळखू येतो तसबिरीवरून.

‘महल’मध्ये हरिशंकर अलाहाबादच्या शबनम महलात राहायला येतो. म्हातारा माळी त्याला सांगतो की चाळीसएक वर्षांपूर्वी हा महाल बांधणारा आपल्या कामिनीला भेटायला येताना बुडाला, आणि तीही मागोमाग गेली. मग हरिशंकरला त्या माणसाची तसबीर दिसते, आणि तो चेहरा हुबेहूब त्याचा स्वतःचा असतो. ‘मधुमती’मध्ये देवेंद्र पावसात दरड कोसळल्यामुळे एका जुन्या हवेलीत आसरा घेतो. तिथे त्याला दिसतं ते चित्र त्याचं नाही, दुसऱ्याच माणसाचं आहे, राजा उग्रनारायणचं. आणि त्याला आठवतं की हे चित्र मीच काढलं होतं.

एकात माणूस तसबिरीत स्वतःला पाहतो, दुसऱ्यात स्वतःच्या हाताचं काम ओळखतो. आरशात दिसलेलं खोटं असू शकतं. आपण केलेलं काम मात्र आपल्याला फसवत नाही. दोन्ही सिनेमे पुढे जिथे जातात ते इथेच ठरलेलं असतं.

कारण ‘महल’मधलं भूत खरं नाही. कामिनी म्हणून रात्री फिरणारी, गाणारी, अशोक कुमारला वेड लावणारी मुलगी ही त्याच माळ्याची पोर आहे, आशा. बापाच्या तोंडून ती गोष्ट ऐकत ऐकत ती मोठी झाली आणि त्या गोष्टीतल्या माणसावरच तिचं मन बसलं. तसाच चेहरा घेऊन जिवंत माणूस दारात उभा राहिला तेव्हा तिने काय करावं? माळ्याची मुलगी म्हणून गेली असती तर मालकाने तिच्याकडे मान वळवून पाहिलंही नसतं. म्हणून ती मेलेली झाली. कामिनी होऊन ती त्याला सुचवते की माळ्याच्या मुलीच्या रूपात आपण पुन्हा मिळू शकतो. स्वतःच्याच आयुष्यात शिरायला तिला भुताच्या वाटेने यावं लागतं. मला हे सारं हिंदी सिनेमातल्या सगळ्यात दुःखी कल्पनांपैकी एक वाटतं, आणि लोक त्याला नुसता ‘सस्पेन्स’ म्हणून सोडून देतात याचं वाईट वाटतं.

पुढे हरिशंकरचं लग्न दुसरीकडे होतं. त्याची बायको रंजना या वेडापायी विष घेते आणि आळ त्याच्यावर टाकून जाते. कोर्टात आशा सगळं कबूल करते. तो सुटतो, पण तोवर त्याच्याच शब्दाखातर आशाचं लग्न त्याच्या मित्राशी झालेलं असतं. ‘महल’मध्ये कोणीच कोणाला मिळत नाही. या जन्मी नाही, आणि पुढचा जन्म तर मुळात नव्हताच.

आता ‘मधुमती’ पाहा. इथेही एक तोतया आहे, आणि गोंधळाचं खरं मूळ हेच आहे. मागच्या जन्मी देवेंद्र हा आनंद नावाचा तरुण होता, लाकडाच्या इस्टेटीवर मॅनेजर म्हणून आलेला, डोंगरातल्या मधुमतीवर जीव जडलेला. उग्रनारायणच्या हवेलीत ती मरते आणि पुरावा काहीच उरत नाही. मग त्याला हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी माधवी भेटते. आनंद ठरवतो की माधवीने मधुमतीचं सोंग घ्यायचं आणि उग्रनारायणकडून गुन्हा वदवून घ्यायचा. राजाचं चित्र काढण्याच्या निमित्ताने तो हवेलीत जातो. आठाचे ठोके पडतात, ठरल्याप्रमाणे ती येते, एकेक प्रश्न विचारते, राजा कोसळतो, कबुली देतो, पोलीस त्याला नेतात. आणि मग दारातून माधवी धावत येते: गाडी बिघडली, उशीर झाला, माफ करा.

मग आत्ता आली होती ती कोण?

मी हा प्रसंग किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही, आणि तरी त्या दारातल्या माधवीला पाहून अंगावर काटा येतो. भीतीने नाही, आनंदाने. मग आनंद मधुमतीच्या त्या भुतामागे गच्चीवर जातो आणि तिथून पडतो. ही गोष्ट सांगून संपते तेव्हा पाऊस थांबलेला असतो. ज्या गाडीने देवेंद्रची बायको येत होती तिला अपघात झाल्याचं कळतं, आणि ती सुखरूप उतरते. तिचा चेहरा कोणाचा आहे ते सांगायला नको.

म्हणजे ‘महल’मध्ये भूत वाटलं ते माणूस निघालं, आणि ‘मधुमती’मध्ये माणूस वाटलं ते भूत निघालं. सामान तेच आहे, फक्त उलटं मांडलेलं. मला वाटतं 1958 च्या प्रेक्षकांवर ‘मधुमती’ इतका चढला त्याचं एक कारण नऊ वर्षांआधीचा ‘महल’ही असावा. त्याने प्रेक्षकांना शिकवून ठेवलं होतं की गाणारं भूत म्हणजे शेवटी कोणीतरी सोंग घेतलेली पोर. ‘मधुमती’ आपल्याला आधीच सांगतो, हो, सोंगच आहे, माधवीला सांगून ठेवलंय; आपण निर्धास्त बसतो, आणि तेवढ्यात तो खरं दार उघडतो. म्हणून माझा सल्ला असा की दोन्ही पाहायचे असतील तर ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने पाहावे. उलट पाहिले तर ‘मधुमती’च्या त्या क्षणाचा अर्धा जोर जातो.

कॅमेऱ्याचा फरक तर डोळ्यांनाच कळतो. ‘महल’ योसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाने टिपला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेनबरोबर जर्मनीहून आलेला हा माणूस मग इथलाच झाला. पुढे ‘पाकीजा’वरही त्याने काम केलं. जर्मन मूकपटांतला तो काळोख, लांबलेल्या सावल्या, पडदे, झुंबर, जिना, सगळं त्याने शबनम महलात आणलं. जवळजवळ सगळा सिनेमा चार भिंतींच्या आत घडतो आणि श्वास कोंडतो. ‘मधुमती’ याच्या अगदी उलट, उघड्यावरचा. दिलीप गुप्ता यांचा कॅमेरा नैनिताल भागातल्या धुक्यात, देवदारांमध्ये फिरतो. त्याची एक हकिगत मला फार आवडते: तिथून आणलेल्या चित्रीकरणाचा बराच भाग धूसर निघाला, परत जाणं शक्य नव्हतं, म्हणून आपल्या इगतपुरीजवळ वैतरणा धरणाच्या परिसरात सेट उभारून उरलेलं काम केलं. त्या धुक्यातला कोणता तुकडा कुमाऊंचा आणि कोणता नाशिक जिल्ह्यातला, ते मला आजही ओळखता येत नाही.

म्हणूनच ‘महल’ दिवसा, खिडक्या उघड्या ठेवून मोबाइलवर पाहू नये. काही दिसणार नाही, आणि स्क्रीनचा उजेड वाढवला तर सावल्यांची राख होते. रात्री दिवे घालवून टीव्हीवर लावावा. ‘मधुमती’ दिवसाढवळ्याही निभावतो.

आणि गाणी. खेमचंद प्रकाश यांचं ‘आएगा आनेवाला’ तेव्हा जेमतेम विशीतल्या लताबाईंनी गायलं. आवाज दुरून जवळ येतो आहे असं वाटावं म्हणून त्यांना मायक्रोफोनपासून लांब उभं केलं आणि गात गात जवळ यायला सांगितलं, ही आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. सुरुवातीच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव ‘कामिनी’ असं, पात्राचंच, छापलेलं होतं. रेडिओ ऐकणारे विचारत राहिले की ही कोण. नाव नसलेला आवाज घरोघर फिरत होता, अगदी त्या आशासारखा. ‘आजा रे परदेसी’पर्यंत मात्र तो आवाज साऱ्या देशाच्या ओळखीचा झाला होता, आणि त्या गाण्याला पार्श्वगायनाचा पहिलावहिला फिल्मफेअर मिळाला. पहिलं गाणं कोणाला तरी जाळ्यात ओढतं. दुसरं नुसतं वाट पाहतं, डोंगराच्या कडेला उभं राहून.

तर सुचवायचं कसं? मी आता मैत्रिणींना एकच विचारते: भूत खरं हवं की खोटं? खोटं म्हणाली की ‘महल’, आणि तो आवडला तर त्याच वाटेवरचे ‘बीस साल बाद’ (1962) आणि ‘वो कौन थी?’ (1964). तिथेही गाणाऱ्या सावलीमागे हाडामांसाचं माणूस निघतं, मात्र ‘महल’इतकं काळीज कुरतडणारं कारण त्यांच्याकडे नाही. खरं हवं म्हणाली, किंवा नुकतंच घरात काही दुःख झालं असेल, तर ‘मधुमती’. अशा घरात ‘महल’ मी चुकूनही सुचवत नाही.

महालातल्या काकूंसाठी मात्र हा प्रश्न पुरेना. मी मैत्रिणीला म्हटलं, आईला विचार, गाणं म्हणते तेव्हा ती झोक्यावर असते की डोंगरावर? मागून काकूंचाच आवाज आला, “झोक्यावर गं! पण धुकंही होतं.” म्हणजे त्यांनी दोन्ही पाहिले होते. ‘मधुमती’ लागला तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या, सीताबर्डीवर बहिणींबरोबर पाहिलेला. ‘महल’ पुढे केव्हातरी, परत लागला तेव्हा.

शनिवारी रात्री ‘महल’ लावला, रविवारी ‘मधुमती’. मी दोन्ही दिवस गेले. कोर्टातला प्रसंग आला तेव्हा काकू म्हणाल्या, “त्या पोरीला दुसरा रस्ता कोणता होता, सांग बरं,” आणि आम्ही दोघी गप्प बसलो.

रविवारी आठाचे ठोके पडले. मैत्रीण पुढे सरकून बसली होती. माधवी येणार, सोंग करणार, हे तिला माहीत होतं. फोनवर मी सगळं सांगितलं असलं तरी शेवटचं दार मुद्दाम ठेवून दिलं होतं. चौकशी झाली, राजाला नेलं. मी सहज बाजूला पाहिलं तर काकू टीव्हीकडे पाहतच नव्हत्या. ते दार उघडायच्या आधीपासून त्या लेकीच्या तोंडाकडे पाहत होत्या.